अंगठ्याचे नख

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पावसाने जोर धरला की माझ्या दवाखान्यात लंगडणारी कुत्री येऊ लागतात. जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये अंगण सुकतच नाही. त्यामुळे एरवी रानात हुंदडणारी जनावरेही सोप्यात बांधलेली असतात आणि पायाला झालेली लहानशी जखमही ओलाव्यात चिघळते. अशाच दिवसांत मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आपल्या पामेरियनला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. "काटा मोडलाय बघा डॉक्टर, पाय टेकूच देईना झालंय," असे म्हणून त्यांनी तिला टेबलावर ठेवले.

काटा नव्हता. पुढच्या उजव्या पायावरचे दाट केस बाजूला केले तेव्हा घाण वास आला आणि आतल्या बाजूला, पंजाच्या थोडे वर, सुजलेल्या मांसात शिरलेले अंगठ्याचे नख दिसले. ते वाढत वाढत पूर्ण गोल वळले होते आणि त्याचे टोक शेजारच्या गादीत घुसले होते. कुत्र्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी साधारणपणे अठरा नखे असतात. काहींना मागेही अंगठा असतो. अशा वीसनखी कुत्र्याचे आपल्याकडे फार कौतुक होते, पण त्या अंगठ्याचे नखही कापावे लागते हे कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. चालताना बाकीची नखे जमिनीवर घासून झिजतात. अंगठा जमिनीला टेकत नाही, त्यामुळे त्याच्या नखाची झीज जवळजवळ होतच नाही.

सुभेदारांना हे पटेना, आणि त्याला कारणही होते. त्यांच्या शेतावर मुधोळ जातीचा एक कुत्रा आहे, त्याच्या नखांना त्यांनी कधी हात लावलेला नाही. भाच्याने तो मुधोळहूनच आणलेला असल्यामुळे त्याला कानडीत "कुंद्रु", म्हणजे "बस", म्हटल्याशिवाय तो बसत नाही, आणि ही जात सैन्याने मेरठला प्रशिक्षणासाठी नेली होती, हे सुभेदार येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतात. परंतु तो कुत्रा दिवसभर बांधावरून आणि जांभ्या दगडावरून धावतो, तर पामेरियन गुळगुळीत फरशीवर वाढलेली. पुढच्या खेपेस त्यांनी मुधोळच्या कुत्र्यालाही आणले तेव्हा त्याची चालती नखे व्यवस्थित झिजलेली निघाली. अंगठ्याची मात्र वाढून बाकदार झाली होती.

त्या दिवशी पामेरियनला गुंगीचे इंजेक्शन देऊन मी नख मधोमध कापले आणि रुतलेला तुकडा चिमट्याने बाहेर ओढला. मागोमाग पू आला. जखम सलाइनने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावले, प्रतिजैविक आणि वेदनाशामक सुरू केले आणि चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घातली. त्याच वेळी मधल्या बोटाचे एक नख उभे चिरलेले दिसले. सुभेदारांनी घरातल्या नेलकटरने ते कापून पाहिले होते. माणसाचे नख चपटे असते, कुत्र्याचे गोलसर व जाड. नेलकटर ते कापण्याऐवजी दाबतो आणि मग ते चिरते. कुत्र्यांसाठी पकडीसारखे वेगळे कटर मिळते, आणि त्याला धार असणे महत्त्वाचे, कारण बोथट कटरने दाब बसून दुखते व पुढच्या वेळी कुत्रे पंजा हातात देत नाही.

जखम भरल्यावर मी त्यांना शेजारी बसवून शिकवले. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, त्यामुळे त्याच्या अलीकडे थांबता येते. या पामेरियनची बहुतेक नखे काळी होती. काळ्या नखाचा एका वेळी मिलिमीटरभर काप घ्यायचा आणि प्रत्येक कापानंतर कापलेला भाग समोरून पाहायचा. सुरुवातीला तो कोरडा, भुरकट दिसतो. मध्यभागी गडद, ओलसर ठिपका दिसू लागला की तेथेच थांबायचे. नख फार वाढले असेल तर आतला जिवंत भागही पुढे आलेला असतो, म्हणून एका बैठकीत ते आखूड करण्याचा हट्ट धरू नये. आठवड्या-पंधरवड्याने टोक काढत गेले की तो भाग हळूहळू मागे सरकतो. लोकांना नेमका हाच धीर नसतो; वर्षभर राहिलेले काम रविवारी सकाळी उरकायचे असते.

रक्त आलेच तर काय, हा सुभेदारांचा पहिला प्रश्न होता. न्हाव्याकडे असते ती तुरटी पूड करून ठेवावी, नसेल तर कॉर्नफ्लोअर चालते. ते टोकाशी दाबून काही मिनिटे धरावे आणि मधून मधून उचलून पाहू नये. वीस मिनिटांनंतरही रक्त वाहत असेल तर दवाखाना गाठावा. चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाला मऊ पट्टी बांधता येते, पण थोडाच वेळ, कारण तोंड मिटले की त्याला धापून अंग थंड करता येत नाही. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला तर ती बांधूच नये. झटापटीत चावा किंवा ओरखडा बसला, तर घरचे कुत्रे म्हणून दुर्लक्ष न करता जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, हे मी त्यांच्या नातवालाही ऐकवले, कारण कुत्रीला धरण्याचे काम त्याच्याकडे होते.

त्यांना मी पहिले काही दिवस कटर वापरूच दिले नाही. रोज नुसता पंजा हातात घ्यायचा, बोटे हलके दाबायची, कटर नखाला टेकवून काढून घ्यायचे आणि भाकरीचा तुकडा द्यायचा, एवढेच. फौजी माणसाला हे लाड वाटले, पण त्यांनी ते केले. आता ते एका वेळी दोन-तीन नखे कापतात आणि अंगठ्यापासूनच सुरुवात करतात. मागचे पाय मात्र पामेरियन त्यांना अजून धरू देत नाही. तेवढ्यासाठी ते तिला माझ्याकडे आणतात, आणि मुधोळच्या कुत्र्यालाही अंगठ्यांसाठी बरोबर घेऊन येतात.