पर्यायी सर्च इंजिनवर मराठीतून शोध : माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आईच्या गुडघेदुखीवरचे उपाय मी एकदाच इंटरनेटवर शोधले आणि पुढचे तीन आठवडे बातम्या वाचताना, पाककृती पाहताना गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती समोर येत राहिल्या. म्हणून शोधांचा इतिहास साठवत नाही असे सांगणारे एक पर्यायी सर्च इंजिन मी संगणकावर कायमचे लावून घेतले. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ते निवडायला दोन मिनिटे लागली. जाहिराती इथेही असतात, पण त्या टाकलेल्या शब्दांवरून दिसतात आणि तिथेच संपतात. इंग्रजी शोधांबद्दल माझी तक्रार नाही.

अडले ते मराठीत. मी कायद्याच्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करते. 'शिक्षा' या शब्दाचे कायदेविषयक वापर पाहायला मी तो एकच शब्द टाकला, तर शिक्षा विभाग, शिक्षा नीति, शिक्षा मंत्री अशी पानभर हिंदी पाने आली, कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. सोबत 'मराठी' हा शब्द जोडला, तर मराठी शाळांची पाने आली. निकाल कोणत्या देशाचे आणि भाषेचे हवेत ते निवडायच्या प्रदेशांच्या यादीत भारत होता, पण फक्त इंग्रजीसह. २०११च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली मराठी त्या यादीत नसावी, याचा मला आजही राग येतो. मुदत जवळ आलेली असताना माझ्या दोन संध्याकाळी यात गेल्या.

वाट सापडली ती व्याकरणामुळे. 'शिक्षेस पात्र', 'शिक्षेची तरतूद' असे शब्द टाकताच हिंदी पाने गळून पडली, कारण 'शिक्षे' हे सामान्यरूप हिंदीत होतच नाही. तेव्हापासून दोन्ही भाषांत असलेला शब्द मी नेहमी विभक्ती लावूनच शोधते. आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. 'अधिकाऱ्यांचे' हा शब्द डोळ्यांना एकसारखा दिसला तरी संगणकात दोन प्रकारे टंकलेला असतो : काही ठिकाणी नुक्ता असलेल्या 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने, तर काही ठिकाणी साध्या 'र'नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. एका प्रकाराने न सापडलेले पान मला दुसऱ्या प्रकाराने सापडले आहे.

कंटाळून दुसरे पर्यायी इंजिन घेण्याआधी एक माहीत असावे. यांपैकी अनेक जण निकालांसाठी मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनवर अवलंबून असतात. २३ मे २०२४ रोजी बिंग काही काळ बंद पडले, तेव्हा डकडकगो आणि इकोसिया या पर्यायी इंजिनांवरचे शोधही थांबले होते. त्यामुळे नाव बदलले तरी मराठी निकाल जवळपास तेच मिळण्याची शक्यता राहते.

हे खरे तर आधी सांगायला हवे होते, की माझ्या इंजिनात उद्गारचिन्हाला जोडून 'डब्ल्यू' हे रोमन अक्षर आणि मग शब्द टाकला, की शोध थेट विकिपीडियावर होतो. या सोयीने माझा रोज बराच वेळ वाचतो. जवळच्या दवाखान्याची वेळ पाहायला मात्र मी अजूनही जुन्या इंजिनकडे जाते, कारण इथली स्थानिक माहिती अपुरी असते.

प्रदेशांच्या यादीत मराठी घालावी, असे मी अभिप्रायाच्या अर्जातून दोनदा कळवले आहे, आणि दर महिन्याला ती यादी उघडून पाहते.