कोल्ह्याचं लग्न

आज दुपारी घरी सगळ्यांनी मिळून जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा 'ड्रीम्स' (१९९०) हा सिनेमा पाहिला. आठ स्वप्नं, सलग गोष्ट नाहीच. पहिल्याच स्वप्नात ऊन-पावसात कोल्ह्यांची वरात! असा पाऊस आला की आजी म्हणायची, कोल्ह्याचं लग्न लागलंय. जपानातही तेच म्हणतात, अंगावर काटाच आला.

दुसऱ्या एका स्वप्नातले, बोगद्यातले ते निळ्या चेहऱ्यांचे मेलेले सैनिक डोळ्यांपुढून हलत नाहीयेत. एकाला तर आपण मेलोय हेच पटत नाही. त्यांचा अधिकारी त्यांची माफी मागतो आणि कवायतीचा हुकूम देऊन त्यांना परत अंधारात पाठवतो.

दादा म्हणाला, उत्तरार्ध म्हणजे नुसतं प्रवचन. बऱ्याच समीक्षकांचंही तेव्हा हेच म्हणणं होतं. मला नाही पटत. अणुभट्ट्या फुटतायत, फुजी पर्वत लाल होतोय, तिथे ऐंशी वर्षांच्या कुरोसावांनी कळवळून बोलायचं नाही तर कुठे?