देवरहाटीतली महिषासुरमर्दिनी

रत्नागिरीहून मी आणि आतेभाऊ उजाडताच निघालो. पावस मागे पडलं, पूर्णगडापाशी मुचकुंदीची खाडी पुलावरून ओलांडली आणि आधी आडिवऱ्याला महाकालीच्या पाया पडलो. काळ्या पाषाणातली ही देवी वेत्याच्या समुद्रात मासेमाराच्या जाळ्यात अडकली, अशी इथली कथा. आम्ही पोचलो तोवर साडी-दागिने चढले होते, त्यामुळे मूर्तीचं घडणकाम काही दिसलं नाही. तुम्हाला ते पाहायचं असेल तर अभिषेकाची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. जवळच्या कशेळीत कनकादित्याचं सूर्यमंदिरही पाहून घ्या. कशेळी गावाच्या दानाचा शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा ११९१ सालचा ताम्रपट प्रसिद्ध आहे.

पण आमची खरी ओढ पुढच्या एका गावच्या देवीची होती. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. २०१२ साली दिवेआगरचा सुवर्णगणेश चोरीला गेला, दोन रखवालदारांचा जीव गेला. ते कोकणातला माणूस विसरलेला नाही, आणि या देवीला तर साधं दारही नाही.

चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून देवरहाटीत, देवाच्या नावाने राखलेल्या रानात, शिरलो. गुरवकाका पुढे होते. आईनाच्या बुंध्याशी, चौथऱ्यावर, तीन वितींची महिषासुरमर्दिनी. मी खाली बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

रेड्याची मान धडावेगळी झालेली आहे आणि त्या कापल्या मानेतून असुर माणसाच्या रूपात कमरेपर्यंत बाहेर आलाय. देवीने त्याचे केस मुठीत धरलेत. रेड्याचं मुंडकं खाली पडलंय, जीभ बाहेर, आणि त्या जिभेवरची मधली रेघसुद्धा कारागिराने सोडलेली नाही. मागून सिंहाने रेड्याच्या पुठ्ठ्यात दात रोवलेत. त्रिशूळाचा दांडा मधेच तुटलाय, दोन हात कोपरापासून गेलेत. चेहरा हात लावून लावून गुळगुळीत झालाय, नाक जवळजवळ नाहीच. पण रेड्याच्या पाठीवर दाबलेल्या पावलातलं पैंजण मात्र काल कोरल्यासारखं आहे. जांभ्यात, कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडात, असं बारीक काम टिकत नाही, म्हणून जांभ्याच्या गावातही देवी काळ्या दगडाची.

“काका, फोटो काढू का?”

“थांबा. आधी गाऱ्हाणं घालू.”

त्यांनी नारळ ठेवला, आमची नावं विचारली आणि सुरू केलं. दर वाक्याला आम्ही “होय महाराजा” म्हणत गेलो. मग फोटो झाले. हात तुटलेली मूर्ती पुजू नये म्हणून गावाने एकदा नवी संगमरवरी आणायचं ठरवलं होतं, जुनी खाडीत सोडायची होती. कौल लावून देवीची परवानगी मागितली, देवीने दिली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा कौल लावला, तरीही नाही. काका हे सांगत असताना माझ्या अंगावर काटा आला. अशा किती मूर्ती खाडीच्या तळाशी गेल्या असतील! तुमच्या गावात असा विचार चालला असेल तर विसर्जनाआधी राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला कळवा, एवढी कळकळीची विनंती. १०० वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं, ते विकता-हलवताना मनमानी चालत नाही.

अशा देवरहाटीत जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसात पाखाडीवर शेवाळ धरतं आणि पाय ठरत नाही. आतेभाऊ तर उन्हाळी दिवसातही एकदा घसरला. सकाळी नऊच्या आत पोचा. तिरप्या उन्हात कोरीव रेघा उठून दिसतात, दुपारी सगळं सपाट होतं. झाडांची सावली दाट असेल तर बॅटरी बाजूने धरा, समोरून नको. रेघा दिसाव्यात म्हणून खडू, पीठ, तेल काहीही चोळू नका. आधीच त्रिशूळाच्या खाचा कुंकवाने भरून गेल्या आहेत. देवरहाटीत चपला बाहेर, आणि तिथलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही. एकट्याने परस्पर जाऊ नका. गुरवाला किंवा गावकरांना, म्हणजे गावच्या मानकऱ्यांना, विचारून त्यांच्याबरोबरच जा. फोटो टाकताना मोबाइलमधलं ठिकाण बंद ठेवा.

जेवणाची सोय आडिवऱ्यालाच करून घ्या. एसटीने येणार असाल तर परतीची शेवटची गाडी उतरतानाच कंडक्टरला विचारा, देवरहाटीत वेळ कसा जातो कळत नाही आणि तिथे मोबाइलला रेंज नाही.