'भ्यः' आणि बस

इंग्रजीतला 'बस' हा शब्द म्हणजे नुसता विभक्तिप्रत्यय आहे. मुख्य शब्द गळून गेला, शेपूट तेवढं उरलं. हे मला आठवीच्या वर्गात कळलं. शाळेने मला जे जे दिलं त्यात मी हे फार वरच्या जागी ठेवतो, म्हणून शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी त्याबद्दलच लिहितो आहे.

आमच्या बाई इंग्रजी आणि संस्कृत दोन्ही शिकवायच्या. शिक्षक कमी होते म्हणून केलेली ती सोय, पण त्यात आमचं भलं झालं. 'देवः देवौ देवाः' म्हणवून घेताना एका दिवशी चतुर्थीपाशी त्या थांबल्या. फळ्यावर 'सर्वेभ्यः' लिहिलं, त्याच्या खाली 'ओम्निबस' हे बसचं मूळ पूर्ण नाव लिहिलं आणि दोन्ही शब्दांच्या शेवटच्या अक्षरांखाली रेघ ओढली. लॅटिनमध्ये 'ओम्निस' म्हणजे सर्व. त्याचं चतुर्थीचं अनेकवचन 'ओम्निबस', म्हणजे सर्वांसाठी. आपला 'भ्यः' आणि त्यांचा 'बस' ही एकाच प्राचीन प्रत्ययाची दोन रूपं. संस्कृतात चतुर्थी आणि पंचमीचं अनेकवचन एकसारखं असतं, तसंच ते लॅटिनमध्येही असतं! वर्गातली निम्मी मुलं आसपासच्या गावांतून एसटीने यायची. आपण रोज जिच्या दांडीला धरून उभे राहतो, तिच्या नावात आपल्या पाठांतरातला प्रत्यय बसलेला आहे, हे ऐकून सगळे गप्प झाले. त्यानंतर विभक्त्या पाठ करायचा कंटाळा मला कधी आला नाही.

पुढे मी या शब्दाच्या मागेच लागलो. गाडी नावापेक्षा जुनी निघाली. ठरलेल्या रस्त्याने धावणारी, भाडं देऊन कुणीही चढावं अशी गाडी ही कल्पना ब्लेझ पास्कलची. गणितात ज्याच्या नावाचा त्रिकोण आहे, तोच हा. 1662 मध्ये पॅरिसला अशा घोडागाड्या सुरू झाल्या, भाडं पाच सू (सू म्हणजे तिथलं तेव्हाचं नाणं). पण तिथल्या न्यायसभेने शिपाई, नोकरचाकर आणि मजूर यांना त्यात बसायला बंदी घातली. ज्यांना चालून चालून दमायला व्हायचं, नेमके तेच बाहेर! पुढे त्या गाड्या बंद पडल्या. मला त्याचं नवल वाटत नाही.

'सर्वांसाठी' हे नाव मिळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. फ्रान्समधल्या नांत शहराबाहेर स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाची गरम पाण्याची स्नानगृहं होती. तिथे गिऱ्हाईक यावं म्हणून 1826 च्या सुमारास त्याने शहरातून गाडी सोडली. लोक मात्र वाटेतच चढू-उतरू लागले. आंघोळीपेक्षा गाडीचीच गरज मोठी आहे हे त्याने ओळखलं. ओम्नेस आडनावाच्या एका टोपीवाल्याच्या दुकानावर 'ओम्नेस ओम्निबस' अशी पाटी होती आणि गाडी तिथून सुटायची, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. ती आख्यायिकाच म्हणायची. 1828 मध्ये पॅरिसमध्ये ओम्निबस धावू लागली आणि 4 जुलै 1829 रोजी जॉर्ज शिलिबियरने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी तीन घोड्यांची ओम्निबस सुरू केली. एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? थोड्याच वर्षांत बोलण्यात नुसतं 'बस' उरलं. कितीतरी दिवस लिहिताना आधी लोपचिन्ह द्यायचे, सुरुवातीचा भाग गळलाय हे दाखवायला. मग तेही गेलं. मुंबईत 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मोटारबस धावली आणि 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली, तोवर शब्द पुरता मुरला होता.

माझी नोकरी वीज उपकेंद्रात झाली. तिथे हा शब्द पुन्हा भेटला. इनकमरवरून, म्हणजे उपकेंद्रात वीज आणणाऱ्या वाहिनीवरून, आलेली वीज ज्या जाड पट्ट्यांवर येते आणि जिथून सगळे फीडर, म्हणजे वीज पुढे नेणाऱ्या वाहिन्या, निघतात, त्या पट्ट्या म्हणजे बसबार. सुरुवातीच्या काळात त्यांना ओम्निबस बारच म्हणत. गावठाण असो, शेतीपंप असो की कारखाना, सगळ्यांची वीज त्या एका ठिकाणाहून घेतलेली असते. नव्याने आलेल्या प्रशिक्षणार्थी मुलांना मी आधी नावाचा अर्थ सांगायचो, आकृती मागाहून. बसबारवर बिघाड झाला तर एकच फीडर न जाता सगळाच भाग अंधारात का जातो, हे मग वेगळं समजावावं लागत नसे.

संगणकात निरनिराळे भाग ज्या सामाईक वाटेने माहिती देतात-घेतात, तीही बसच. मोबाईलच्या वायरीला आपण यूएसबी म्हणतो, त्यातला 'बी' बसचा आणि 'यू' युनिव्हर्सलचा. शब्दाने गमावलेलं 'सर्व' असं दुसऱ्या दाराने परत आलं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा यूएसबी आलेलं नव्हतं. त्यांना हे सांगायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

या महोत्सवानिमित्त शाळेच्या ग्रंथालयाला इंग्रजीचा एक मोठा व्युत्पत्तिकोश भेट देतो आहे. तो कुलपाच्या कपाटात जाऊ नये, वाचनाच्या टेबलावर उघडा असावा, अशी मुख्याध्यापकांना विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.