तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारी काही म्हणत नाहीत का?

गेल्या महिन्यात भाजणी न्यायला आलेल्या एक ताई दारातच घुटमळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारू का? सगळं घरातूनच करता, मग सोसायटीतले काही म्हणत नाहीत?" हा प्रश्न मला वर्षातून वीस-पंचवीस वेळा तरी येतो. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात आणि त्यांच्या मनात स्वतःचं काहीतरी घाटत असतं. शिवणकाम, शिकवण्या, केक, पापड. दारात उभ्या उभ्या मी "म्हणतात की, पण निभतं" एवढंच सांगते. ते उत्तर अपुरं आहे हे मला कळतं, म्हणून आज बसून लिहितेय.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो, चार मजली जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. २०१६ साली ह्यांची नोकरी गेली आणि मी पोळ्या करून द्यायला सुरुवात केली. आसपास कॉलेजच्या मुली राहतात, मुलं परदेशी असलेले आजी-आजोबा राहतात, त्यामुळे गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. वर्षभरात रोजच्या सव्वाशे घडीच्या पोळ्या जाऊ लागल्या, म्हणजे तीन किलोंच्या वर कणीक. वारज्याहून दोन मावशी मदतीला यायला लागल्या. मग दिवाळीचा फराळ आला. स्वयंपाकघर आठ बाय आठचं, त्यात तिघी मावत नव्हतो, म्हणून लाटायचं काम आम्ही हॉलमध्ये आणलं. जमिनीवर सतरंजी, त्यावर दोन पोळपाट. पहाटे साडेपाचला सुरुवात, कारण सात वाजता पहिले डबे जायचे.

पहिली तक्रार खालच्या काकूंची. लिफ्टमध्ये म्हणाल्या, "अगं, सकाळी फार ठकठक होते गं तुमच्याकडे." मी म्हटलं, "काय करणार काकू, पोटाचा प्रश्न आहे." हे वाक्य मी बोलायला नको होतं. त्या माझ्या पोटाविषयी काही बोललेल्याच नव्हत्या. त्या त्यांच्या झोपेविषयी बोलत होत्या आणि मी त्यांना गप्प केलं. पुढच्या महिन्यात सोसायटीचं पत्र आलं: निवासी सदनिकेत व्यवसाय सुरू असल्याची तक्रार आहे, सात दिवसांत खुलासा करावा.

मला राग आला. रडूही आलं. आणि मग मी जे केलं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणी करतात, म्हणून सांगते. मी कायदा शोधायला लागले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सापडले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं, जिन्यात उभी राहिले, आकडा चाळीसच्या आसपास आला. आता दाखवतेच, म्हणून सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, त्याच नियमात रात्र म्हणजे किती ते किती, ते वाचलंत का?" वाचलं नव्हतं. रात्री दहा ते सकाळी सहा. माझा पहिला अर्धा तास रात्रीतच मोडत होता. आणि जिन्यात धरलेल्या मोबाइलचा आकडा खालच्या खोलीबद्दल काहीच सांगत नाही, हेही त्यांनीच दाखवून दिलं.

त्या संध्याकाळी मी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन खाली गेले. काकूंनी डबा घेतला नाही. "त्याची गरज नाही," म्हणाल्या, "तू एकदा पहाटे आमच्याकडे येऊन बस." शेजाऱ्यांना आधी खाऊ दिला की तक्रार होत नाही, असा सल्ला मला दहा जणींनी दिला होता. माझं मत आता वेगळं आहे. त्रास तसाच ठेवून दिलेला डबा समोरच्याला अवघड करतो. घेतला तर बोलता येत नाही, नाही घेतला तर वाईटपणा येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेले. वर मुलीला आणि मावशींना नेहमीसारखंच काम करायला सांगितलं होतं. काकांची हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून ते हॉलमध्येच कॉटवर झोपायचे, हे मला तोवर माहीतसुद्धा नव्हतं. काकूंनी कॉटशेजारी खुर्ची दिली. अंधार होता. आणि मी माझं घर पहिल्यांदा खालून ऐकलं.

पोळी लाटण्याचा आवाज येतच नव्हता. बोलणं, भांडी, नळ, काही नाही. येत होता तो फक्त पोळपाटाचा ठोका. लाटणं फिरताना पोळपाट एका अंगाला कलतो आणि त्याचा पाय जमिनीवर आपटतो, तो ठोका. मी सतरंजीवर बसून काम करत होते, मला तो कधी कानावर पडला नव्हता. खाली तो थेट छातीवर पडल्यासारखा येत होता. दोन पोळपाट, दोन वेगळ्या लयी, मध्येच पिठाचा स्टीलचा डबा ओढल्याचा घर्र आवाज. काका डोळे मिटून पडले होते, पण जागे होते. मी दहा मिनिटंच बसले. तेवढी पुरली.

नंतर एका ओळखीच्या इंजिनिअरांनी कारण समजावलं. हवेतून येणारा आवाज भिंत आणि स्लॅब बऱ्यापैकी अडवतात, पण स्लॅबवरच बसलेला ठोका स्लॅबमधूनच पसरतो. बीममध्ये जातो, कॉलममध्ये उतरतो. कधी कधी दोन मजले खालीही ऐकू येतो. त्यावर पडदे लावून, दारं बंद करून काही उपयोग नाही. ठोका जिथे लागतो तिथेच तो मऊ करावा लागतो. शिलाई मशीन, मसाला कांडायचा खलबत्ता, मुलांच्या नाचाचा क्लास, सगळ्यांना हेच लागू आहे. मशीनखाली जाड रबर घातलं नाही तर खालच्याला ते मशीन रात्रभर स्वप्नात ऐकू येतं.

रविवारी जुन्या बाजारातून एक भक्कम लाकडी टेबल आणलं. नाना पेठेतून जाड रबराची पट्टी आणून टेबलाच्या चारही पायांखाली आणि पोळपाटांच्या तिन्ही तिन्ही पायांखाली चिकटवली. पिठाच्या डब्याला चाकांची पाटी केली. उभ्याने लाटायची सवय मावशींना जड गेली, पण त्यांचे गुडघे आता कमी दुखतात, असं त्याच सांगतात. आणि वेळ साडेसहाची केली. त्यात सातचे अकरा डबे गेले. कायमचे गेले. तो तोटा खरा आहे, तो धरूनच हिशेब करायला हवा. रबरावर दीड-दोन हजार खर्चून सगळं सुटलं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पुन्हा खाली जाऊन बसले. काकूंनी पाच मिनिटांनी विचारलं, "सुरू झालंय का वर?" पावणेसात वाजले होते.

आवाजाचं निस्तरलं तसं वासाचं पुढे आलं. आमच्याकडे स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या बंदिस्त पोकळीत उघडते आणि गरम हवा वर चढते, म्हणजे माझ्या तळणाचा वास तिसऱ्या मजल्याच्या घरात. वरची सून तेव्हा गरोदर होती, तिला तेलाच्या वासाने उलट्या व्हायच्या. तिने स्वतः येऊन सांगितलं, संकोचून सांगितलं, आणि मला काकूंचा धडा आठवत होता म्हणून मी लगेच "काय करणार" असं म्हणून तिला गप्प केलं नाही. तिला जास्त त्रास कुठल्या वेळी होतो ते विचारलं. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी. मग तळण अकरा ते एक. तेलातून धूर निघू लागला की वास उग्र होतो, म्हणून आच बेताची. तेल पुन्हा पुन्हा तापवणं बंद केलं. तसंही तळणाच्या तेलातले पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून वाढत जाणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ पासूनचा नियम आहे. घरात ते मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळपट, चिकट झालं, फेस धरू लागलं की समजतं.

तेलाबद्दल आणखी एक, आणि इथे चूक सर्वस्वी माझी होती. पहिल्या दोन दिवाळ्यांना कढया आणि झारे गरम पाण्याने सिंकमध्येच धुतले. तेल पाइपात गोठत गेलं आणि ऐन भाऊबीजेला तळमजल्याचं चेंबर तुंबून पार्किंगमध्ये पाणी आलं. प्लंबरचे पैसे मी दिले, पार्किंग मी आणि ह्यांनी धुतलं. आता कढई आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. उरलेलं तेल कॅनमध्ये साठवून बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना द्यायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार काही अवघड नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला १०० रुपये. तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा. गॅस घरगुती १४.२ किलोचा वापरायचा नाही. धंद्याला १९ किलोचाच घ्यायचा. आमच्याकडे सिलिंडरची भीती बऱ्याच जणांना होती आणि ती रास्त होती. मी एजन्सीच्या माणसाला बोलावून जोडणी तपासून घेतली आणि नळीवरची तारीख कमिटीला दाखवली. ती नळी पाच वर्षांनी बदलावीच लागते. विजेचं म्हणाल तर, महावितरणच्या दरपत्रकात राहत्या घरातल्या छोट्या व्यवसायाला महिना ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षी ३,६०० युनिटपर्यंत वापर असेल तर घरगुती दर लागू राहतो. सोसायटीची उपविधी, म्हणजे नियमावली, मात्र स्वतः वाचा, पूर्ण वाचा. "तसं चालत नाही" असं ठामपणे सांगणाऱ्या निम्म्या लोकांनी ती उघडलेली नसते, आणि "काही होत नाही गं" म्हणणाऱ्यांनी तर नाहीच नाही. इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही करू नये, हे त्यात स्पष्ट आहे. माझ्या बाबतीत सगळा प्रश्न त्या एका शब्दाभोवती होता. उपद्रव कमी केला आणि तो लेखी कळवला, तेव्हा सर्वसाधारण सभेने पोळ्यांना हरकत घेतली नाही.

पण सगळ्याच तक्रारी अशा नसतात, हे सांगितलं नाही तर माझं उत्तर खोटं ठरेल. त्याच सभेत एका गृहस्थांनी मागणी केली की माझ्याकडे कामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, जिन्याने यावं. कारण विचारलं तर म्हणाले, "बरं दिसत नाही." रबराची पट्टी लावून, वेळ बदलून, कढई पुसून मला जे जे करता आलं ते मी केलं होतं आणि आणखीही केलं असतं. हे नाही केलं. एक मावशी साठीच्या आहेत, पहाटे उठून स्वतःच्या घरचं आवरून वारज्याहून येतात. मी उभी राहिले आणि म्हटलं की त्या माझ्याकडे येतात, म्हणजे माझ्या पाहुण्यांइतकाच त्यांचा लिफ्टवर हक्क आहे, आणि असा ठराव मांडायचा असेल तर तो लेखी मांडा, कारणासकट. आवाज थरथरत होता माझा. खालच्या काकू पहिल्या बोलल्या, "ती बरोबर बोलतेय." ठराव कोणी मांडला नाही. ते गृहस्थ आजही माझ्याशी बोलत नाहीत. त्याला माझा इलाज नाही, आणि तो मी शोधतही नाही.

म्हणून कोणी विचारलं की तक्रार आली तर काय करू, तर मी आधी एवढंच विचारते: त्यांना नेमकं काय होतंय? झोप मोडते, वास येतो, पाणी तुंबतं, त्यांच्या पार्किंगमध्ये डब्याची स्कूटर लागते, की तुमच्याकडे येणारी माणसंच त्यांना नकोत? पहिल्या चारांसाठी त्यांच्या घरी जाऊन बसा, त्यांना त्रास होतो त्याच वेळेला.

माझंही अजून एक सुटलेलं नाही. चिवड्याची फोडणी. मिरची आणि हिंगाचा ठसका डक्टमधून थेट वर जातो, आणि वर आता लहान बाळ आहे. "आदल्या रात्री सांगा, आम्ही बाळाला घेऊन दिवसभर आईकडे जातो," असं ती सून म्हणाली. तिचा चांगुलपणा आहे, पण माझ्या चिवड्यासाठी तान्ह्या बाळाने घर सोडावं हे मला पटत नाही. मावशींच्या ओळखीत वारज्याला तळमजल्यावर एक खोली आहे, मागे मोकळी जागा आहे. भाडं जमतंय का ते बघतेय. तिथे करायचं तर त्या पत्त्याची नोंदणी वेगळी घ्यावी लागेल, तो अर्ज अजून भरायचाय. तोवर यंदा चिवड्याची ऑर्डर घेत नाहीये. चकली, शेव, शंकरपाळे आहेत. भाजणी तर कायमच असते.