राजकारण आणि स्वयंसेवेची पुस्तकं एका कपाटात: पेठेतल्या अभ्यासिकेचा अनुभव

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्ती नाही, हे सांगायला नको. आमच्या पेठेतल्या तालमीच्या माडीवर अभ्यासिका चालते. तिथं 12 ते 18 वयाच्या मुलांसाठी राजकारण, कारभार आणि स्वयंसेवा या विषयांचं एक वेगळं कपाट आम्ही उभं केलं. आता इतर मंडळांची पोरं विचारत येतात, कुठली पुस्तकं घेतली, कशी लावली. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

पहिली अडचण जागेची. ग्रंथालयाच्या दशांश वर्गीकरणात राज्यशास्त्र 320 ला, समाजसेवा 361 ला आणि चरित्रं 920 ला जातात. बालविभाग असला तर तिथं गोष्टी आणि विज्ञानाचे खेळ. त्यामुळं पूरमदतीवरचं पुस्तक एका भिंतीला, महापालिकेवरचं दुसऱ्या भिंतीला, आणि चौदा वर्षांचा मुलगा दोन्हीकडं फिरकत नाही. आम्ही वर्गांक बदलले नाहीत, फक्त कण्यावर केशरी पट्टी चिकटवली आणि तिन्ही प्रकार एकाच कपाटात आणले. स्वयंसेवेचं पुस्तक एकटं वाचलं की मुलाला वाटतं, गटार तुंबलं तर आपण फावडं घेऊन उतरायचं. राजकारणाचं एकटं वाचलं की ते पाठांतर होतं. गटार कुणाच्या अखत्यारीत, पैसा कुठल्या खात्यातला आणि तोवर आपण काय करू शकतो, हे तिन्ही एका हाताच्या अंतरावर पाहिजे.

निवड करताना मुखपृष्ठ आणि प्रस्तावना बघू नका. मराठीत या विषयाची पुस्तकं वर्षानुवर्षं पुनर्मुद्रित होतात आणि आतला मजकूर तसाच राहतो. ‘नवी आवृत्ती’ असं छापलेलं असलं तरी दुकानात उभ्या उभ्या चार ठिकाणं तपासायची. मूलभूत हक्क सात दिले असतील तर मजकूर 1978 च्या आधीचा, कारण 44 व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क त्या यादीतून काढला. मूलभूत कर्तव्यं दहाच असतील तर 2002 च्या आधीचा. आता ती अकरा आहेत. लोकसभेत राष्ट्रपती दोन अँग्लो-इंडियन सदस्य नेमतात असं असेल तर ती तरतूद जानेवारी 2020 मध्ये संपली. चौथं, राज्यं 28 आणि केंद्रशासित प्रदेश 8 आहेत का. दोन ठिकाणी चुकलेलं पुस्तक आम्ही परत ठेवतो. एकाच ठिकाणी चुकलं असेल आणि बाकी चांगलं असेल तर घेतो आणि त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी डकवतो. मुलं ती चिठ्ठी आधी वाचतात, हा वरचा फायदा.

पाचवी तपासणी थोडी खोल आहे, पण आता तिच्याशिवाय चालत नाही. पक्षांतरबंदी. 2022 नंतर महाराष्ट्रातल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: “दादा, पक्ष फुटतो म्हणजे नक्की काय होतं ओ?” बऱ्याच पुस्तकांत अजून लिहिलेलं असतं की एक तृतीयांश आमदार फुटले तर कारवाई होत नाही. 1985 च्या कायद्यात ती पळवाट होती, 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं ती बंद झाली. आता राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात संरक्षण आहे ते विलीनीकरणाला, आणि त्याला विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य लागतात. अपात्रतेचा निर्णय विधानसभेत अध्यक्ष देतात, विधान परिषदेत सभापती. हे नीट सांगणारं कुमारांसाठीचं पुस्तक मिळालं नाही तर चार पानांचं टिपण स्वतः करून फायलीत लावा. त्यात कुठल्या नेत्याचं बरोबर आणि कुणाचं चूक हे लिहायचं नाही, नियम लिहायचा.

स्थानिक कारभाराच्या पुस्तकांची गोची वेगळी. ती सांगतात, प्रभागातून नगरसेवक निवडून येतो आणि सभागृह निर्णय घेतं. इथं 2020 च्या अखेरीपासून पुढची काही वर्षं महापालिकेवर प्रशासक होता. त्या काळात शाळेत गेलेल्या मुलांना नगरसेवक ही गोष्ट पुस्तकातली वाटते. प्रभागही आता बहुसदस्यीय आहेत, ‘एक प्रभाग, एक नगरसेवक’ हे चित्र जुनं. म्हणून या विषयाला सगळ्यात भरवशाचा पाया बालभारतीचाच. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण आणि शहरी स्थानिक संस्था, सातवीत संविधान, आठवीत संसदीय पद्धती, दहावीत निवडणुका, पक्ष आणि चळवळी. चारही इयत्तांच्या दोन-दोन प्रती ठेवा. विभागीय भांडार कोल्हापुरातच आहे, पीडीएफ फुकट मिळतात. पाठ्यपुस्तक म्हणून मुलं नाक मुरडतात, पण दुसऱ्या पुस्तकात अडलं की तिकडंच वळतात. संविधानाची पूर्ण मराठी प्रत एक पुरे, ती घरी द्यायची नाही.

चरित्रांचा पूर येतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त तीच असतात आणि देणगीतही तीच. आमची कसोटी एकच: त्या माणसानं कुठला निर्णय घेतला आणि तो कसा अमलात आणला, हे पुस्तकात आहे का? शाहू महाराजांवरची शिकार, मल्लविद्या आणि दिलदारपणाचे किस्से सांगणारी पुस्तकं ढिगानं मिळतात. आम्हाला हवं ते 26 जुलै 1902 च्या आदेशाबद्दल बोलणारं: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना. किंवा 1917 च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाबद्दल, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता यासकट. दंडाचा तो रुपया वाचला की मुलांना कळतं, चांगल्या इच्छेला कायद्याची जोड लागते. माणगावची 1920 ची अस्पृश्यांची परिषद, बिंदू चौकातले 1950 चे फुले-आंबेडकरांचे पुतळे हे सगळं सायकलच्या किंवा एसटीच्या टप्प्यात आहे. असं ठिकाण पुस्तकात आलं की त्या पानावर खूण करून ठेवतो.

खरेदीचं थोडक्यात. सुरुवातीला 40 शीर्षकं भरपूर झाली. त्यातल्या पाचांच्या चार-चार प्रती, म्हणजे गटानं वाचता येतं. पानं 64 ते 100 असलेलीच आधी. सेमी-इंग्रजीची मुलं मराठी सावकाश वाचतात, 250 पानांचं पुस्तक बघूनच खाली ठेवतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आणि बारीक आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. लागतील तेवढी पानं छापून स्पायरल करून घ्या. दुकानात संस्थेच्या नावानं पक्कं बिल मागितलं की सवलत मिळते, न मागता कुणी देत नाही. आल्यावर दाखल नोंदवहीत आवृत्तीचं वर्ष आठवणीनं लिहा, पुढं जुनी काढताना तोच रकाना कामाला येतो. शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि एका ठरलेल्या गुप्त पानावर.

पुस्तकं खराब होतात ती लहान मुलांकडून नव्हे. अभ्यासिकेत एमपीएससीवाले दिवसभर बसलेले असतात आणि राज्यघटना असं दिसलं की हात जातोच. पुस्तक परत येतं, पण निळ्या पेनानं ओळन् ओळ अधोरेखित होऊन. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या गाइडांसाठी वेगळा कप्पा करून द्यायचा आणि केशरी पट्टीचं पुस्तक 18 वर्षांखालच्या कार्डावरच द्यायचं. दुसरा शत्रू दमट हवा. खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर, मागं भिंतीशी चार बोटं फट. प्लॅस्टिकचं कव्हर चारही बाजूंनी चिकटवलं तर आत बुरशी धरते, वरखालची कड मोकळी ठेवा.

आता ज्यामुळं हे कपाट चालतं ते: प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक कामाची चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढी, तीन ओळी. निर्णय कोण घेतं, अर्ज कुठं द्यायचा, 18 च्या आतला माणूस काय करू शकतो. कचऱ्यावरच्या पुस्तकाची चिठ्ठी अशी: महापालिका, आरोग्य विभाग, आपलं विभागीय कार्यालय शोधा (गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट या चारांपैकी), आठवडाभर गल्लीतली घंटागाडी किती वाजता येते ते लिहून काढा. माहिती अधिकाराच्या पुस्तकात नमुना अर्जच ठेवलाय, कारण महाराष्ट्राचे नियम पुस्तकात सहसा नसतात. एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा ‘का केलं नाही?’ असं विचारल्यामुळं. कारण मागायचं नाही, कागद मागायचा: कामाचा आदेश, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं नोंदतात त्या वहीची) प्रत, बिल. निवडणुकीच्या पुस्तकात नमुना 6 ची, म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जाची माहिती. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, आणि पात्रतेच्या तारखा आता वर्षाला चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. हे ऐकून घरातली मोठी माणसंही चकित होतात.

पुराच्या पुस्तकांबाबत मात्र कडक राहावं लागतं. 2019 आणि 2021 चे पूर मुलांनी पाहिलेत, थोरल्या भावांना बोटीतून जाताना पाहिलंय, उत्साह दांडगा असतो. चिठ्ठीवर लाल अक्षरात लिहिलंय: 18 च्या आत पाण्यात नाही, बोटीत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. रोजची पातळी फळ्यावर लिहायचं काम मुलांचं. निवारा केंद्रात कपडे मापाप्रमाणे लावणं, औषधांच्या तारखा बघणं, कुटुंबांची यादी वयासकट करणं, हेही. यादीत तान्ही बाळं आणि मधुमेहाचे रुग्ण वेगळे काढले तर मदतीचा ट्रक आल्यावर गोंधळ निम्म्यानं कमी होतो. नुसती त्यागाची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकात हे येत नाही, म्हणून तसली आम्ही कमीच ठेवली. पुढं राष्ट्रीय सेवा योजनेत गेलं की वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 आणि सात दिवसांचं शिबिर, हेही एका चिठ्ठीवर आहे. प्रमाणपत्रासाठी तास भरणारेच जास्त, पण कामाची सवय असलेला मुलगा तिथं लगेच ओळखू येतो.

पालक म्हणतात, पोरांना राजकारणात ओढू नका. त्यावर वाद घालत नाही, दहावीचं पुस्तक उघडून अनुक्रमणिका दाखवतो. पक्षांच्या लोकांचा प्रश्न अवघड, कारण तालमीला सगळेच आपले. पुस्तकांचा गठ्ठा घेऊन येतात, आत नेत्याचा फोटो. नियम लिहून लावलाय: पक्षानं किंवा पदावरच्या नेत्यानं छापलेलं पुस्तक कपाटात नाही; जाहीरनामा मात्र सगळ्यांचा घेतो आणि एकाच फायलीत लावतो. मागच्या निवडणुकीचा आणि या निवडणुकीचा जाहीरनामा शेजारी ठेवून कुठली ओळ परत आली ते शोधणं, हा मोठ्या मुलांच्या गटाचा आवडता उद्योग. त्याला महापालिकेच्या अंदाजपत्रकातली दोन पानं, महसुली आणि भांडवली खर्चाची, झेरॉक्स करून जोडली की तासभर कुणी हलत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कपाट रिकामं करतो. वरच्या पाचही तपासण्या परत, चिठ्ठ्यांवरचे पत्ते आणि कार्यालयांची नावं बघून नव्या लिहिणं, आणि दोन वर्षांत एकदाही न गेलेलं पुस्तक बाहेर. पत्ते तपासायचं काम मुलांनाच द्या. कार्यालयात जाऊन अर्ज कुठल्या खिडकीवर घेतात ते विचारून यायचं, आणि खिडकीचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा.