वहिनी, दिवेघाट आणि काळी चार

"गाणं आपण दिलं, वारीसुद्धा आपणच लावली," असं माझी वहिनी बिनदिक्कत सांगायची. आपण म्हणजे ग्वाल्हेरकरांनी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ख्याल महाराष्ट्रात घेऊन गेले. शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या पादुका पालखीत घालून दिंड्यांसह पंढरीला न्यायला सुरुवात केली. दोन्ही गोष्टी खऱ्याच, पण तिचा थाट असा की जणू दोघंही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत भाजी घ्यायला यायचे. हैबतबाबा मूळचे साताऱ्याकडचे, हे तिच्या लेखी गौण.

तिला वारी चालायची होती. ते राहूनच गेलं. ती छत्तिसाव्या वर्षी गेली, तेव्हा माझी पुतणी पहिलीत होती. आता कॉलेजात आहे. यंदा "काका, आपण जाऊन येऊ" असं तिनेच काढलं आणि आम्ही गोवा एक्स्प्रेसने पुण्यात उतरलो. ओळखीने एका दिंडीत सोय झाली होती.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा. हडपसर मागे पडल्यावर पुतणीने विचारलं, "आई कशी होती? आणि 'फार गोड गायची' हे नको. ते सगळेच सांगतात."

मग सांगत सुटलो. माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली, भातखंड्यांनी १९१८ साली सुरू केलेल्या. पहाटे तानपुरा लावायची आणि मधेच ओरडायची, "भावजी, दूध!" तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. तो तिने मलाही खायला घातला होता. महिनाभर वाट पाहून म्हणाली, "तुम्ही आपल्या टाळ्याच वाजवत जा." तू अंगाई म्हटली की टक्क जागी व्हायचीस. तराणा सुरू केला की झोपायचीस, आणि तोही द्रुत. त्यामुळे रात्री दहा वाजता आमच्या घरातून दिर दिर तोम तननन ऐकू यायचं आणि शेजारी विचारायचे, पाहुणे आलेत का?

हे ऐकून ती हसली. पुढचं सांगायला मला जरा वेळ लागला. तुझ्या वेळी सिझेरियन झालं. महिन्याभराने ती रियाजाला बसली तर पोटात जोरच नाही. षड्ज लावला की थरथरायचा. तिने तानपुऱ्यावर गवसणी घातली, तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. चिडायची, पण सोडायची नाही. शेवटच्या आजारात छातीत पाणी झालं आणि दम अर्ध्या ओळीलाच पुरायचा. अर्धी म्हणायची, उरलेलीला पलंगाच्या दांड्यावर बोटांनी ताल धरायची.

एवढ्यात दिवेघाट लागला. पाऊस नव्हता, उन्हाने डोकं तापलेलं. चढावर बोलणंच बंद झालं, भजन मात्र चालूच. आमच्या पुढचा टाळकरी, साठीच्या पुढचा, चांगला आडदांड माणूस, चरणाच्या मध्यावर धापेने थांबला. त्याचा टाळ चालूच होता. मागच्या रांगेने धृपद उचललं, वळण येईपर्यंत ओढलं, त्यांचाही दम संपला तेव्हा दुसऱ्या बाजूच्या बायांनी डोक्यावरची तुळस सावरत पुढचा चरण घेतला. तोवर हा गडी सावरला आणि पुन्हा सामील झाला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. रोजचंच होतं ते. आमच्या घरात ती एकटीच गाणारी. तिची ओळ सुटली तर उचलणार कोण?

टीव्हीवर वारी बघताना ती नेहमी म्हणायची, "इतक्या वरच्या पट्टीत ही माणसं दिवसभर गातात, यांचे घसे बसत नाहीत?" बसतात, वहिनी. वाल्ह्यापर्यंत निम्म्या दिंडीचा घसा बसलेला असतो. ज्येष्ठमध आणि खडीसाखर या हातातून त्या हातात फिरते, आणि बसलेल्या घशानेच पुन्हा हरिपाठ सुरू होतो.

रिंगणाचं मी लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. मला सकाळचं भजन जास्त आवडलं. रूपाचे अभंग, मग गौळणी, ज्या त्या वाराचे अभंग वेगळे. हा क्रमही हैबतबाबांनीच लावून दिल्याचं मानतात. फलटणच्या पुढे एका मावशीने पुतणीला गौळण म्हणायला सांगितली. ही म्हणाली, "मी गात नाही." मावशी म्हणाल्या, "मग बोल. बोलता तर येतं ना?" तेव्हापासून ती ओठांतल्या ओठांत म्हणू लागली. मी ऐकत नसल्यासारखं करत होतो. वेळापूरच्या उतारावर धावा झाला, सगळे नामाच्या गजरात पळत सुटले, तेव्हा मात्र गर्दीत तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आईसारखा नाही. जाडसर आहे, खालचा.

पंढरपुरात दर्शनबारीची लांबी पाहून आम्ही कळसालाच हात जोडले आणि मिरजेला आलो, कारण ग्वाल्हेरची गाडी तिथूनच. गाडीला भरपूर वेळ होता. तानपुरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत पुतणी मला ओढतच घेऊन गेली. वहिनीचा तानपुरा इथलाच. कपाटावर गवसणीत पडून आहे, दोन तारा तुटलेल्या, बाकीच्यांना गंज. पुतणीला तारांचा पूर्ण संच हवा होता, खर्जाच्या पितळी तारेसकट.

दुकानदाराने विचारलं, "पट्टी कुठली?"

"काळी चार," मी लगेच म्हणालो. म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर.

"ती आईची, काका," पुतणी म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. "पांढरी चारच्या द्या. आणि जवारी काढायला तानपुरा कधी आणून देऊ, तेही सांगा."